अकराव्या मजल्यावरचा लसूणवाला

आमच्या उईसोंगकडचा पुरुष बोलत नाही, ही गोष्ट खाली समुद्रापासून वर सेऊलपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांनी त्याच्यावर विनोदही रचला आहे. दिवसभर राबून पुरुष घरी येतो आणि झोपेपर्यंत तीनच वाक्यं बोलतो. ‘पोरं कुठायत?’ ‘वाढ.’ ‘झोपू या.’ नाम मानबोकला ओळखणारे म्हणायचे, पोरगी लग्न होऊन गेल्यापासून त्याचं त्यातलंही एक वाक्य कमी झालं.

मानबोक अडुसष्ट वर्षांचा. बापाकडून आलेली लसणाची शेती, मान जाड, बोटं आल्याच्या गाठींसारखी. चेहरा असा की आनंद झाला की दाढ दुखतेय, हे घरच्यांनासुद्धा विचारावं लागे, आणि विचारलं तरी उत्तर ‘हं’ एवढंच. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ही उणीव त्याच्या बायकोनं, ओकबुननं, कुणाला जाणवू दिली नाही. ती दोघांचंही बोलायची. पाहुण्यानं मानबोकला काही विचारलं की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘त्यांना काय विचारता? त्यांचं म्हणणं असं आहे की...’ आणि मानबोक ऐकत बसायचा, आपलं म्हणणं काय आहे ते. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. चुकीचं निघालं, तर ते दुरुस्त करायला बोलावं लागलं असतं.

असं सगळं नीट चाललं होतं. मार्चच्या शेवटी ओकबुन गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात साबणाच्या पाण्यावरून घसरली. घसरतानाही ती शेजारणीला काहीतरी सांगत होती आणि, शेजारीण म्हणते, पडून झाल्यावर तिनं ते वाक्य पुरं केलं. मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

संध्याकाळी देगूहून मुलीचा, मिरानचा, फोन आला. तोवर मिरानची नऊ महिन्यांची पोर, दाओन, ओकबुन सांभाळायची. सोमवारी बसनं देगूला जायची, शुक्रवारी परत यायची.

“अप्पा, आता तुम्हीच या.”

“मी?”

“दुसरं कोण आहे? सासूबाई बुसानला दुकान टाकून येणार नाहीत. पाळणाघरात नंबर पुढच्या वर्षी लागेल. हे पोहांगच्या पोलाद कारखान्यात, शनिवार-रविवारचे पाहुणे. मी काय टेबलावर पोर ठेवून काम करू?”

मानबोकनं खिडकीतून शेताकडे पाहिलं. लसणाच्या हिरव्या पाती वीतभर वर आल्या होत्या आणि वाऱ्यावर सगळ्या एकाच बाजूला झुकत होत्या, जणू त्यांनाही वाटत होतं, जा.

“हं,” तो म्हणाला.

मिरान चष्म्यांच्या फ्रेमी बनवणाऱ्या कारखान्यात ऑर्डरींचं काम बघते. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा साहेबांनी तिला सवलत दिली होती. एप्रिल संपेपर्यंत रोज दुपारी दीडपर्यंतच काम करायचं. मे लागला की पूर्ण दिवस, सहापर्यंत. ते जमणार नसेल तर एप्रिल संपायच्या आत सांगायचं, म्हणजे दुसरी बाई नेमता येईल.

मानबोक दारात बूट काढून आत आला तेव्हा दाओन चटईवर बसून लाकडी चमचा चावत होती. तिनं मान वर केली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे. आधी तिच्या खालच्या ओठाचं टोक बाहेर आलं, मग हनुवटी थरथरली, मग डोळे भरले, आणि मग जो आवाज निघाला तो ऐकून शेजारचा कुत्रा भुंकू लागला. मानबोकनं हात पुढे केले तसा आवाज चढला. त्यानं हात मागे घेतले. आवाज तिथंच राहिला.

पहिल्या दिवशी असं होतंच, मिरान म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, होईल सवय. सहाव्या दिवशी कामावरून आल्यावर तिनं पाहिलं, तर पोर रडून रडून दमली होती आणि बाप गॅलरीत तिला छातीशी धरून, जसं कुणी गावच्या शेतकी संघाच्या सभेत ढोल धरून उभं असावं, तसा उभा होता.

“अप्पा, स्पष्टच बोलते. ती तुमच्याकडे राहिली तर ठीक. नाही राहिली, तर मी नोकरी सोडते. सात वर्षं झाली तिथं मला. पण असं पोर रडवून मला तिथं बसवणार नाही.”

मानबोकला पुष्कळ सांगायचं होतं. सात वर्षांपूर्वी तिला ती नोकरी लागली, तेव्हा त्यानं गावात कुणाला सांगितलं नव्हतं, पण महिनाभर रोज नवा शर्ट घालून शेतात गेला होता. 

“हं,” तो म्हणाला.

“आणि उद्या मंगळवार. केंद्रात वर्ग असतो तिचा. आईनं मे अखेरपर्यंतचं नाव नोंदवलंय. तुम्हीच घेऊन जा. तिथं तरी तुमची ओळख होईल.”

ते केंद्र म्हणजे शहरातल्या एका बड्या दुकानाचा अकरावा मजला. खाली दहा मजले माणसं वस्तू घेतात आणि वर माणसं बाळांना काही ना काही शिकवून घेतात. गुलाबी गाद्या घातलेली खोली, भिंतभर आरसा, बारा बाळं, अकरा आया आणि एक मानबोक.

तिथं एक गंमत असते. वर्षभर शेजारी बसणाऱ्या बायकांना एकमेकींची नावं ठाऊक नसतात. सगळ्या पोरांच्या नावानं ओळखल्या जातात. ही गाउनची आई, ती शिहूची आई. मानबोक दारात दिसला तसा सगळ्यांना उलगडा झाला.

“दाओनचे आजोबा ना? अय्या, आजींचा हात कसा आहे?”

“बरा.”

“आजी काय सुंदर बोलायच्या हो!” गाउनची आई म्हणाली. ती ठेंगणी, चटपटीत, हातात कायम फोन. “तुमच्याबद्दलही खूप सांगायच्या.”

“काय?”

“हेच, की तुम्ही बोलत नाही.”

वर्ग घेणाऱ्या हान बाई आल्या. त्या तिशीच्या, दोन वेण्या आणि आवाज कुलूप लावलेल्या दारातूनही पलीकडे जाईल असा. त्या दिवशीचा विषय होता मधमाशी. बाळांना पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे झबले आणि मोठ्यांच्या डोक्यावर स्प्रिंगची दोन शिंगं असलेली पट्टी. मानबोकनं ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“आजोबा, डोक्यावर!”

त्यानं घातली. आरशात पाहिलं. चेहरा होता तोच, भूकंप झाला तरी न हलणारा, आणि वर दोन गोळे डुलत होते. दाओननं ते पाहिलं आणि तिचा ओठ बाहेर आला.

“आता सगळ्यांनी बाळाला मांडीवर घ्या,” हान बाईंनी टाळी वाजवली. “डोळ्यांत डोळे घाला. आणि म्हणा, माझ्या सोन्या, माझं तुझ्यावर खूप खूप प्रेम आहे!”

अकरा आया एका सुरात म्हणाल्या. मानबोकनं तोंड उघडलं. मध्ये काहीतरी अडलं, जसा पाटात दगड अडकतो तसं. थोडी हवा बाहेर आली. गोळे डुलले.

“हं,” तो म्हणाला.

दाओननं भोकाड पसरलं. तिचं ऐकून शिहू, शिहूचं ऐकून गाउन. भातखाचरात एक बेडूक ओरडायला लागला की सगळं खाचर ओरडायला लागतं, तसं झालं. पाच मिनिटांत बारा मधमाश्या धाय मोकलून रडत होत्या आणि आया शिंगं हलवत त्यांना जोजवत होत्या.

वर्ग सुटल्यावर हान बाई त्याच्याजवळ आल्या. “आजोबा, तुम्हाला गृहपाठ. हे वाक्य रोज वीस वेळा म्हणायचं.”

“कुणाला?”

“बाळाला! बाळ झोपलं असेल तर आरशात बघून.”

गाउनच्या आईनं मधमाशी झालेल्या मानबोकचा फोटो काढून ओकबुनला पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, सरपंच बान यांनी नेहमीप्रमाणे गावच्या भोंग्यावरून सूचना दिल्या. खताच्या गोण्या सोसायटीत आल्या आहेत. पाण्याची पाळी गुरुवारी वरच्या आळीची. आणि नाम मानबोक यांचा देगूमधला फोटो सभागृहात सूचनाफलकाला लावला आहे, ज्येष्ठांनी चष्मा घेऊन यावं.

साडेसातला ओकबुनचा फोन.

“अहो, सगळ्या गावानं बघितला. वरच्या आळीची म्हातारी काठी टेकत आली. म्हणाली, मरायच्या आधी हे बघायचं राहिलं होतं.”

“कुणी दिला सरपंचाला?”

“मी. मग कोण? ते जाऊ द्या. पोरगी येते का तुमच्याकडे?”

“नाही.”

“येईल कशी? तोंडातून शब्द नाही. दगडाच्या मांडीवर कोण बसेल?”

“तू बसलीस की.”

पलीकडे क्षणभर शांतता. ओकबुनच्या बाबतीत ती मोठीच गोष्ट.

“मला तेव्हा दुसरीकडे जागा नव्हती,” ती म्हणाली. “ऐका. बाईंनी सांगितलंय ते वाक्य म्हणा. जीभ झडत नाही.”

“ते येत नाही.”

“ते मला सांगता?” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मानबोकनं मनावर घेतलं. तो कामचुकार माणूस नव्हता. फेब्रुवारीच्या थंडीत गुडघ्यावर बसून एकेक कोंब प्लास्टिकच्या भोकातून वर काढणारा माणूस. घरात पोर जागी असायची, ती झोपली की मिरान यायची. आरसा आणि एकांत दोन्ही असलेली जागा एकच सापडली, ती म्हणजे इमारतीची लिफ्ट. दुपारी कचरा टाकायला म्हणून तो बाहेर पडे, अठराव्या मजल्यावर जाई आणि खाली येताना आरशाला सांगे. पहिल्या दिवशी ‘माझ्या’ एवढं जमलं. दुसऱ्या दिवशी ‘माझ्या सोन्या.’ तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि बैलाला हाक द्यावी तशा आवाजात पुरं वाक्य म्हटलं.

“माझ्या सोन्या, माझं तुझ्यावर खूप खूप प्रेम आहे!”

डोळे उघडले तर लिफ्ट पंधराव्या मजल्यावर उभी, दार उघडं, आणि समोर इमारतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई. हातात कोबीची पिशवी. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग कोबीकडे, मग म्हणाल्या, “मी जिन्यानं जाते.”

संध्याकाळी आठला तिघं जेवायला बसली असताना भिंतीवरचा इमारतीचा भोंगा खरखरला. रहिवाशांना सूचना. आपल्या लिफ्टमध्ये एक ज्येष्ठ इसम महिलांशी प्रेमाच्या गोष्टी करत असल्याची तक्रार आली आहे. महिलांनी सावध राहावं.

“काय एकेक लोक असतात,” मिरान म्हणाली. “अप्पा, तुम्हाला दिसला का कुणी?”

मानबोकनं सोयाबीनच्या आमटीचा वाडगा तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही बराच वेळ खाली ठेवला नाही. गृहपाठ तिथं संपला.

दुसऱ्या मंगळवारी फुगे होते, तिसऱ्या मंगळवारी ढोलकी. दाओन दोन्ही दिवस रडली. इतर आया आता तिच्याआधीच आपापल्या पोरांचे कान झाकायला शिकल्या होत्या. घरी ती मानबोकच्या हातून भाताची पेज खायची, पण तोंड फिरवून, जसा उधारीवर माल घेणारा माणूस दुकानदाराकडे बघत नाही. रविवारी रात्री मिराननं भांडी घासता घासता, पाठ फिरवूनच सांगितलं.

“अप्पा, शुक्रवारी साहेबांना सांगून टाकते. तुमची चूक नाही. काही पोरं असतातच अशी.”

नळाचं पाणी वाहत होतं. मानबोक उंबऱ्याशी उभा राहिला. पोरीची पाठ ताठ होती, तिच्या आईची नाही, त्याची स्वतःची. त्याला वाटलं काहीतरी म्हणावं. पाणी बंद झालं. तो आत जाऊन झोपला.

चौथ्या मंगळवारचा विषय होता भाजी मंडई. गाद्यांवर टोपल्या मांडलेल्या, मुळे, कोबी, पातीचा कांदा. बाळांना हुंगायला द्यायचं, हात लावू द्यायचा. शेवटी हान बाईंनी प्रत्येकाला मातीनं भरलेला कागदी पेला आणि लसणाची एक पाकळी वाटली.

“आज आपण लसूणदादांना झोपवणार! असं डोकं खाली करून मातीत खुपसायचं, आणि वर छान पांघरूण!” असं म्हणत त्यांनी पाकळी टोकाकडून मातीत दाबली. अकरा आयांनीही तशीच दाबली.

मानबोकच्या मांडीवर दाओन मुसमुसत होती. त्यानं बाईंच्या पेल्याकडे पाहिलं. मग गाउनच्या आईच्या. मग शिहूच्या आईच्या. तेरा पेल्यांत बारा लसूण डोक्यावर उभे. त्याच्या मानेची शीर टरारली.

“उलटा,” तो म्हणाला.

“काय म्हणालात, आजोबा?”

“उलटा लावलाय. टोक वर पाहिजे. बूड खाली.”

“अहो, हा खेळ आहे नुसता.”

“तुमचा खेळ. पण त्याला काय माहीत? तो उगवणार. खाली उगवणार, मग वळणार, मग वर येणार. निम्मं बळ वळण्यात जाईल त्याचं.” तो गुडघ्यावर सरकत बाईंजवळ गेला, दाओन एका हाताच्या बगलेत, आणि त्यानं त्यांच्या पेल्यातली पाकळी काढून हलकेच सरळ लावली. “असा. दोन बोटं खोल. त्याहून खोल नाही, त्याचा श्वास कोंडतो. त्याहून वर नाही, थंडी त्याला उचलून बाहेर फेकते. आणि आत्ता लावायचाच नसतो. आमच्याकडे भात निघालं की लावतात. मग वर पेंढा घालतात. मग बर्फ पडतं. लोकांना वाटतं शेत रिकामं आहे. रिकामं नसतं ते. तो खाली जागा असतो. मुळं सोडत असतो, आवाज न करता. बाहेर उणे बारा अंश, आणि तो खाली...”

तो थांबला.  आया त्याच्याकडे बघत होत्या. पण तो थांबला त्याचं कारण वेगळं होतं. त्याच्या हनुवटीवर काहीतरी ओलं लागलं होतं. दाओननं आपली लाळेनं भिजलेली बोटं त्याच्या हनुवटीवर ठेवली होती, आणि ती रडत नव्हती. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, जसं कुणी बंद समजलेलं दुकान उघडं दिसल्यावर आत डोकावतं.

“पुढं?” गाउनची आई म्हणाली. “खाली काय करतो?”

मानबोकनं घसा खाकरला. “खाली... वाट बघतो. मग मे संपत आला की मधून एक दांडी वर येते. ती ओढून काढायची असते, नाहीतर गड्डा पोसत नाही. जोरानं ओढली तर मध्येच तुटते. हळू, सरळ, एका दमात ओढायची. नीट निघाली की आवाज होतो.”

“कसला?”

त्यानं इकडे तिकडे पाहिलं. मग आल्याच्या गाठीसारखं बोट गालात घातलं आणि बाहेर काढलं.

पोक्.

दाओनचं तोंड उघडं राहिलं. मग ती हसली. सगळं अंग हलवून, खालचे दोन दात दाखवून हसली. शिहू हसला. हान बाईंनी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच धरून ठेवले.

“दोनशे दांड्या एका ओळीत,” मानबोक म्हणाला. “पोक्. पोक्. पोक्.”

वर्ग वीस मिनिटं उशिरा सुटला. पुढच्या वर्गाच्या आया काचेतून आत बघत होत्या. हान बाईंनी गृहपाठाबद्दल विचारलं नाही.

घरी येताना बसमध्ये मानबोक बोलत होता. लसणात किती जाती, कुठला टिकतो, कुठला कोंब फोडतो. त्याला स्वतःचाच आवाज नवा वाटत होता. जाडाभरडा होता, पण चालत होता. थांबला की दाओनचा ओठ बाहेर यायचा. पुन्हा सुरू झाला की ती त्याच्या शर्टाचं बटण धरून ऐकायची. त्याच्या लक्षात आलं, पोर त्याच्या तोंडाला भ्यायली नव्हती. तीन महिने आजीचा अखंड आवाज ऐकलेल्या पोरीच्या घरात, नळाचं पाणी जावं तसा, तो आवाजच एकदम बंद झाला होता.

बुधवारी त्यानं खतं सांगितली. पेरणीपासून वाळवणीपर्यंत, शंभर गड्ड्यांची जुडी कशी बांधतात, ती वाऱ्याच्या बाजूला का टांगतात. बुधवारी पोर एकदाही रडली नाही. गुरुवारी सकाळी अकरापर्यंत त्यानं बुरशी, कीड आणि बाजारातले दलाल एवढं सगळं संपवलं.

आणि लसूण संपला.

मानबोक पेजेचा चमचा हातात धरून बसला. पंचावन्न वर्षं जी गोष्ट केली ती दोन दिवसांत सांगून झाली, याचं त्याला वाईटही वाटलं. दाओननं वाट बघितली. ओठाचं टोक बाहेर आलं.

“थांब, थांब,” तो घाईनं म्हणाला. “सांगतो. आमच्या तळ्याची गोष्ट सांगतो.”

तळं सांगितलं. तळ्यावरून सैन्यातली तीन वर्षं निघाली, तिथल्या बर्फात गोठलेले बूट निघाले. बुटांवरून लग्न निघालं. मध्यस्थानं चहाच्या दुकानात ओकबुनला समोर बसवलं तेव्हा हा काही बोलला नाही, म्हणून तिला वाटलं होतं मुलगा फार शिकलेला आहे. हे कुणाला त्यानं सांगितलं नव्हतं. पोरीला सांगणं सोपं होतं. ती मध्ये बोलत नव्हती, त्याचं म्हणणं काय आहे ते त्याच्याआधी सांगत नव्हती.

शुक्रवार उजाडला. मिरान सकाळी निघताना बुटाची नाडी बांधत जरा जास्तच वेळ बसली. “येते,” म्हणाली. मानबोकला ठाऊक होतं आज ती काय सांगणार आहे. दाओन रडायची थांबली आहे हे त्यानं मंगळवारपासून तिला सांगायला हवं होतं. रोज दुपारी ती यायची तेव्हा पोर झोपलेली असायची, आणि रोज त्यानं ठरवलं होतं की आज सांगू. पण पोरीला सांगणं आणि पोरीच्या आईला सांगणं यांत दोन डोंगरांचं अंतर होतं. दार बंद झालं. लिफ्ट खाली गेली.

तो दाओनला घेऊन खिडकीशी बसला. खाली रस्त्याला मिरान बसच्या थांब्याकडे चालली होती, पाठ ताठ. पोरीचं खाणं, अंघोळ उरकून अकराच्या सुमाराला तो पुन्हा तिथंच येऊन बसला.

“सकाळी गेली ना तुझी आई,” तो म्हणाला. “एकोणीस वर्षांची होती तेव्हा अशीच बसनं शहरात निघाली. मी तांदळाचं पोतं चढवलं, लसणाची जुडी चढवली, आणि म्हटलं, जा. एवढंच म्हटलं. बस सुटली. तुझ्या आजीला सांगितलं, पाणी बघून येतो. आणि बांधावरून पळत गेलो, तळ्याच्या वळणापर्यंत. तिथं बस मोठा वळसा घेते, पायी गेलं तर आधी पोहोचता येतं. मी पोहोचलो. बस आली. ती खिडकीशी होती, काचेला डोकं टेकून झोपलेली. मी हात वर केला. ड्रायव्हरला वाटलं मला चढायचंय. त्यानं बस थांबवली.”

दाओन बटण चावत होती.

“मग काय करणार? चढलो. पुढच्या गावापर्यंत तिच्या मागच्या सीटवर बसून गेलो आणि उतरलो. ती उठली नाही. मग सात मैल चालत आलो. आजी म्हणाली, एवढा वेळ कसलं पाणी बघत होतात?”

तो खाली बसच्या थांब्याकडे बघत राहिला. ओठाचं टोक दिसलं, तसा तो खाकरला.

“बरं, ते जाऊ दे. गाय सांगतो. मी अकरा वर्षांचा असताना आमची गाय हरवली. कापणीच्या सणाच्या आदल्या दिवशी. मी राखणीला होतो आणि मला डुलकी लागली...”

ती गाय सांगायला फार वेळ लागला. ओढ्याच्या कडेनं तिचे खूर, मग खूर नाहीसे, मग दुसऱ्या गावच्या बाजारात एक तांबडी गाय दिसते, पण शिंग वेगळं. मानबोकनं बापाचा न बोलणारा चेहरा सांगितला, आपण बाजारात रडलो ते सांगितलं. तो डोंगरापलीकडच्या एका परक्या गोठ्याच्या दाराशी पोहोचला, आतून हंबरण्याचा आवाज आला, त्यानं कडीला हात घातला, आणि पाहतो तो दाओन झोपली होती. त्यानं तिथंच गोष्ट थांबवली. झोपलेल्याला सांगण्यात अर्थ नसतो.

दोन वाजता दार उघडलं. मिरान आत आली ती बूट न काढताच. डोळे सुजलेले. मानबोकला वाटलं, सांगून आली ही, सोडली नोकरी.

“अप्पा,” ती म्हणाली, “गाय सापडली का?”

“आं?”

“गाय. गोठ्यात तीच होती का?”

मानबोकनं झोपलेल्या पोरीकडे संशयानं पाहिलं.

“साहेबांकडे सांगायला गेले होते मी,” मिरान म्हणाली. “म्हटलं, सांगायच्या आधी एकदा बघू पोर किती रडतेय. फोन उघडला, तर तुम्ही बोलताय. आमच्याकडे असं कधी... मी तिथंच उभी राहिले. साहेब म्हणाले, कोण आहे? म्हटलं, वडील. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग हिशेबाच्या बाई आल्या, मग पॅकिंगवाले दोघं. बसची गोष्ट झाली तेव्हा हिशेबाच्या बाईंनी माझ्या हातात रुमाल दिला. गायीच्या वेळी तर कुणी जेवायलाच गेलं नाही. आणि तुम्ही कडीला हात घातलात आणि बंद!”

“फोनमध्ये? मी?”

“कॅमेरा आहे तो, बाळाकडे बघायचा,” म्हणत तिनं कपाटावरच्या पांढऱ्या गोळ्याकडे बोट दाखवलं. त्यावर एक बारीक हिरवा दिवा जळत होता. महिनाभर मानबोकला वाटत होतं, ते हवेतली धूळ मोजायचं यंत्र आहे.

त्याचे कान लाल झाले, मग मान लाल झाली. बांध, वळण, मागची सीट, सगळं त्याला एकामागून एक आठवलं. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मिरान अजून उंबऱ्यातच उभी होती.

“मग साहेबांना काय सांगितलंस?” त्यानं विचारलं.

“सांगितलं, मे लागला की पूर्ण दिवस येते. ते म्हणाले, ये, पण सोमवारी गायीचं कळलं पाहिजे. ते पण शेतकऱ्याचेच आहेत, अप्पा. त्यांच्याकडे पण एक हरवली होती म्हणे.”

मानबोकनं मान हलवली. दाओन मांडीवर कुशीवर वळली, बटण अजून मुठीत.

“सापडली,” तो म्हणाला. “पण ती आमची नव्हती, हे मला घरी आणल्यावर कळलं. पुढं फार मोठं आहे ते. तू बूट काढ. आत येऊन बस आधी.”